दार वाजलं की रेडिओ बंद

सोमवार, २ फेब्रुवारी

दार उघडलंच नाही! नर्सबाई आल्या, दार बडवून बडवून परत गेल्या. कडीत चिठ्ठी अडकवलेली — 'आले होते. कुणी उघडले नाही.' मी लाँड्रीतून सहाला आले तर आई खुर्चीत बसून रेडिओ ऐकतेय, अगदी मजेत. विचारलं, कुणी आलं होतं का? "छे गं. आपल्याकडे कोण येणार?"

गेल्या गुरुवारपर्यंत मीच तिला धरून धरून तीन जिने उतरवत होते, दवाखान्यात नेत होते. मग डॉक्टर म्हणाले, आता जिने बंद, नर्स घरी येईल — सोमवारी आणि गुरुवारी. नडगीवर जखम आहे. वरून बशीएवढी, आतून किती ते त्यांनाच ठाऊक. बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी आवळून बांधायची असते. ती नीट झाली तर जखम भरून येईल. नाही झाली तर — हे त्यांनी आईला बाहेर बसवून मला सांगितलं — पाय ठेवता येणार नाही.

भावाला फोन केला. म्हणाला, "अगं, तिला नीट समजावून सांग ना." हे त्याचं नेहमीचं. लांब राहणाऱ्यांना सगळं सोपं दिसतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पट्टी मीच बांधून पाहिली. जेवणं होईपर्यंत आईची बोटं जांभळी पडली. घाबरून सोडली. पुन्हा बांधली तर घसरून घोट्यावर गोळा. दिवसभर लोकांच्या शर्टांच्या कॉलरी ताठ करते मी, आणि एक पट्टी जमत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पुन्हा तेच. आज समोरच्या काकूंनी सगळं पाहिलं. म्हणाल्या, "रेडिओ चालू होता गं. बाईंनी थाप मारली आणि रेडिओ बंद! म्हणजे आजी आत आहेत, ऐकतायत. मी हाका मारल्या, मी आहे म्हटलं. चिडीचूप."

नर्सबाईंनी काकूंजवळ निरोप ठेवलाय. असंच चाललं तर ऑफिस नाव काढून टाकतं, त्यांच्या हातात काही नाही. खरंच नसेल. वाईटही वाटलं त्यांचं, एवढे जिने चढून आल्या बिचाऱ्या.

आईला विचारलं, दार का उघडत नाहीस? आधी गोडीत, मग आवाज चढवून. तिने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय अशा नजरेने. म्हणाली, "भाजी करपतेय बघ." गॅसवर काही नव्हतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सकाळी कामावर जायच्या आधी सुतार बोलावून आतली कडी काढून टाकली. म्हणजे नर्सबाईंना एक किल्ली देऊन ठेवता येईल. सुतार म्हणाला, "कडी बसवायला बोलावतात ताई. काढायला पहिल्यांदाच."

संध्याकाळी आले, किल्ली फिरवली, दार ढिम्म हलेना. आतून खुर्ची लावलेली, खुर्चीवर धान्याचा डबा. "आई, मी आहे," म्हटल्यावर लगेच सरकवली. पाण्याचा पेला उचलताना जिचा हात थरथरतो, तिने तो डबा कसा चढवला कोण जाणे. गेली माझी किल्ली पाण्यात.

खिडकीत एक वाटी दिसली, आत सुटी नाणी. जुनी, आता दुकानात कुणी घेणार नाही अशी. कुठल्या ट्रंकेतून काढली? "ही कशाला गं?" तर म्हणाली, "आज शुक्रवार ना." उचलायला गेले तर हातावर चापट मारली!

सोमवार, ९ फेब्रुवारी

बिनपगारी सुटी घेतली. लाँड्रीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "घ्या की. पण सारखं सारखं नको हं." ते 'हं' फार गोड म्हणतात त्या.

ठरवलं होतं, थाप पडली की उठायचं आणि आपणच दार उघडायचं. त्यात काय एवढं! आई रेडिओ ऐकत होती, मी कपडे घड्या करत होते. थाप पडली. मी उठायच्या आत रेडिओ बंद. आणि आईने माझा दंड धरला, मला ओढत खिडकीखाली नेलं, जमिनीवर बसवलं. स्वतःही बसली, त्या पायासकट. माझ्या तोंडावर हात दाबून धरला. बाहेर थापा चालू. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "हलू नकोस. जाईल तो आत्ता."

तो!

पन्नाशी उलटलेली मी, पाठ भिंतीला, आईच्या तळव्याला तोच कपडे धुवायच्या साबणाचा वास, आणि दाराबाहेर आमच्या लहानपणीचा, हप्त्याचे पैसे मागायला येणारा कापडवाला. मला सगळं एकदम कळलं. कळून काय करायचं ते मात्र कळलं नाही.

तिचा हात सोडवून उठले, दार उघडलं. नर्सबाई आत आल्या, खांद्याला मोठी काळी बॅग. आई ओरडली नाही, रडली नाही. टेबलाखाली शिरायला बघत होती. जमेना, तेव्हा त्या बॅगेकडे पाहून म्हणाली, "पुढच्या सोमवारी नक्की देते. यांचा पगार अडकलाय." यांचा! बाबांना जाऊन किती काळ लोटला. पायाला हात लावू दिला नाही. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "ऑफिसला अजून काही कळवत नाही मी. पण जास्त दिवस नाही सांभाळता येणार."

त्या गेल्यावर आई दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसली. जेवताना एवढंच म्हणाली, "दार तू उघडलंस. आपल्या घरातलीच तू."

मंगळवार, १० फेब्रुवारी

कपड्यांना टॅग लावताना दिवसभर डोक्यात कापडवाला.

सोमवारी यायचा. उंच, जरा लंगडत चालणारा. काळी बॅग — शर्ट, फ्रॉक, चादरी, थंडीच्या दिवसांत लोकरीचे कपडे. एक हात बॅगेत अडकलेला असायचा म्हणून दुसऱ्या हाताने दारावर सपाट थाप मारायचा. नर्सबाई मारतात तश्शीच. आम्हाला दुकानातून कपडे घेतल्याचं आठवतच नाही. जे काही अंगावर चढलं ते त्याच्या बॅगेतून, दर सोमवारी थोडं थोडं फेडून. दुकानापेक्षा कितीतरी महाग पडायचं, आईला ठाऊक होतं. पण दुकानदार उधारीचं नाव काढलं की वरपासून खालपर्यंत बघायचा. हा 'वहिनी' म्हणायचा.

माझा निळा कोट. वाढत्या अंगाचा घेतलेला. पहिल्या थंडीत बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी गाठोडी झाली होती. हप्ते फिटले तेव्हा मनगटं पार बाहेर! म्हणजे कोट आमचा झाला आणि मला होईना. मग तो भावाच्या गळ्यात. मुलीचा कोट म्हणून वर्गात पोरांनी त्याला छळ छळ छळलं. अजून विषय काढला की चिडतो.

ज्या सोमवारी पैसे नसायचे त्या सोमवारी आम्ही घरात नसायचो. म्हणजे असायचो — खिडकीखाली, आई, मी आणि भाऊ, ओळीने, रेडिओ बंद. एकदा आईने भावालाच दाराशी पाठवलं, सांग आई बाहेर गेलीय. त्याने सांगितलं. कापडवाल्याने विचारलं, कधी येईल? तर हा शहाणा मान वळवून विचारतो, "आई, तू कधी येणारेस?" ते आठवून आम्ही पुढे वर्षानुवर्षं हसलोय. आईसुद्धा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या दिवशी मात्र हसली नव्हती.

आणि एकदा तो गेलाच नाही. आमच्या दाराशी पायरीवर बसला, डबा उघडून खाल्ला, मग दाराशी बोलत राहिला. "वहिनी, पाय भरून आलेत म्हणून टेकलोय. घाई नाही हं. कोट ऊबदार आहे ना पोरीला?" वाईट माणूस नव्हता. पण आत आई डोळे गच्च मिटून बसलेली, माझ्या तोंडावर हात. मला वाटायचं ती घाबरलीय. भीती नव्हती ती. लाज होती. बाबा गेलेले विसरली, मी कुठे काम करते ते विसरली, सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरते. ही लाज तेवढी विसरली नाही. हीच का राहावी? माझा जीव तुटतो नुसता.

बुधवार, ११ फेब्रुवारी

भाऊ म्हणतो घरात कॅमेरा लाव. लावते. म्हणजे ती खुर्चीवर डबा चढवताना मला कामावर बसल्या बसल्या दिसेल.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

काल अख्खी संध्याकाळ तिला समजावलं. कोटाचे पैसे फिटले, चादरींचे फिटले, कुणाचं काही देणं नाही, तो माणूस आता कुठला असायला. शहाण्या मुलीसारखी मान हलवत होती. "बरं झालं बाई," म्हणाली. मला वाटलं, जमलं!

आज नर्सबाई आल्या तेव्हा खुर्ची, खुर्चीवर डबा, डब्यावर माझी इस्त्री.

डॉक्टरांचा फोन आला तो मी लाँड्रीतच घेतला. म्हणाले, "आठवड्याभरात पट्टी झाली नाही तर दाखल करावं लागेल." दाखल करून काय करणार, विचारलं. ते म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. मागे कपड्यांच्या ढिगाआड जाऊन रडले. मग तोंड पुसून कुणाच्या तरी सुटाला टॅग लावला. दुसरं काय करणार होते?

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

वाटी पुन्हा खिडकीत. आई केस विंचरून तयार, दाराकडे तोंड करून बसलेली. खुर्ची नाही, डबा नाही! "कुणाची वाट बघतेस?" विचारलं, तर "अगं शुक्रवार!" — आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली.

विमावाला! शुक्रवार त्याचा. बुटका, टापटीप, कायम एकच टाय. तो थाप मारायचा नाही. बोटातल्या अंगठीने टकटक, जरा थांबून एक टक. त्या आवाजाला आई केसांवरून हात फिरवायची आणि दार उघडायची — सताड. एरवी आमचं दार चार बोटांच्या वर कुणासाठी उघडलेलं मी पाहिलं नाही. बाबा, ती, मी, भाऊ, प्रत्येकाच्या नावाचा चिमूटभर विमा. विमावाला नाणं मोजून घ्यायचा, कार्डावर सही करायचा, 'बाईसाहेब' म्हणायचा. एकही शुक्रवार चुकला नाही. घरात साखर नसली तरी वाटीतल्या नाण्याला हात लावायचा नाही. भावाने एकदा गोळ्यांसाठी उचललं तर असा मार खाल्ला की शेजारी धावून आले.

मावशीमुळे ते. आईची थोरली बहीण गेली तेव्हा गल्लीत वर्गणी काढून तिला नेलं. वर्गणीचा डबा आईच्या दारावरूनही फिरवला — फिरवणाऱ्याला माहीत नव्हतं की बहीण आहे. आईने त्यात पैसे टाकले. हे तिने मला एकदाच सांगितलं, कपडे पिळता पिळता. कपड्यांसाठी तोंड लपवीन, म्हणाली, पण माझ्या माणसांना कुणी वर्गणीने न्यायचं नाही.

म्हणून सोमवारी जमिनीवर बसणारी बाई शुक्रवारी ताठ उभी राहायची. दारावरून पैसे गोळा करणं कंपनीने कधीच बंद केलं. आईचं चालूच आहे.

एक वेडगळ कल्पना डोक्यात आलीय. नर्सबाई हसतील. हसू देत.

रविवार, १५ फेब्रुवारी

हसल्या. मग म्हणाल्या, "नोकरीत सगळं केलंय मी. विमा तेवढा राहिला होता." अंगठी त्यांना कामावर चालत नाही, किल्लीने वाजवतील. काळी बॅग काकूंच्या घरात ठेवतील आणि सामान साध्या पिशवीतून आणतील. फोनवरच मी टेबल वाजवून त्यांना टकटक शिकवली. टकटक. टक. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बरोबर. पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, "बघ गं कोण आलंय!"

उद्या. देवा, उद्या एवढं होऊ दे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

उघडलं! उघडलं! उघडलं!

नर्सबाईंनी सगळं फोनवर सांगितलं, मी इस्त्री बंद करून कोपऱ्यात उभी राहून ऐकलं. किल्लीने वाजवलं. आत रेडिओ चालूच. खुर्ची सरकली, दार सताड. "या साहेब. आज सोमवारीच?" नर्सबाई क्षणभर गडबडल्या, मग म्हणाल्या, "शुक्रवारी सुटी आहे बाईसाहेब. आणि कंपनीने सगळ्यांची तपासणी सांगितलीय. पाय दाखवा." कंपनीने सांगितलं म्हटल्यावर काय! आईने पाय पुढे केला. पट्टी होईपर्यंत ताठ बसून होती, हूं नाही की चूं नाही. जाताना वाटीतलं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

नाणं काकूंकडे ठेवून गेल्या. मी हळूच परत वाटीत टाकलं. फिरू दे बापडं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या! आई नर्सबाईंना चहा करून देते आणि 'साहेब' म्हणते. तपासणीत नापास व्हायला नको म्हणून आदल्या दिवसापासून पाय उशीवर ठेवून बसते. हेच मी सांगून सांगून घसा कोरडा केला होता. पण मी पडले घरची.

सोमवार, ९ मार्च

डॉक्टर स्वतः येऊन पाहून गेले. पाय वाचला. जिन्यातून उतरताना म्हणाले, आता काळजी नको.

भावाला कळवलं. म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, नीट समजावलं की ऐकते ती." मी म्हटलं, हो बाबा. आज कशानेच राग आला नसता. येताना आईसाठी नवा गाऊन घेऊन आले, दुकानातून, रोख देऊन. ती कापड बोटांत धरून बघत राहिली. "केवढ्याला दिला त्याने?" म्हणाली. घातला मात्र लगेच.

शनिवार, १४ मार्च

आई आज मला 'अहो' म्हणाली. "अहो, जरा खिडकी लावता का?" झोपेतून उठली होती. तेवढंच असेल.

बुधवार, १८ मार्च

सहाला आले. दार खुर्चीला अडलं. नेहमीसारखं म्हटलं, "आई, मी आहे."

आतला रेडिओ बंद झाला.

पुन्हा हाक मारली. माझं नाव सांगितलं. काकूंनी दार उघडून पाहिलं, त्यांना हातानेच नको म्हटलं. पायरीवर बसले. बसल्या बसल्या माझ्याच तोंडून निघालं, "घाई नाही हं."

मग उठले आणि किल्लीने वाजवलं. टकटक. टक. डबा उतरवल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा. दार सताड उघडलं. केस विंचरलेले, अंगात नवा गाऊन. आईने नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, हे मुलीच्या नावावर घाला. अजून कामावरून यायचीय. माझ्यामागे तिला कुणी नाही."